1965ची सहा सिलिंडरची इम्पाला एसएस : कारखान्यातली की मागाहून जुळवलेली?

प्रश्न – ओहायोकर

नमस्कार मंडळी. मी गेली अकरा वर्षे ओहायो राज्यात कोलंबस शहराच्या जवळ राहतो. जुन्या अमेरिकन गाड्यांचे वेड आहे, पण आजवर ते मासिके चाळण्यापुरते आणि उन्हाळ्यातल्या मेळाव्यांत इतरांच्या गाड्यांभोवती घुटमळण्यापुरतेच राहिले. आता पहिल्यांदाच एक गाडी विकत घेण्याचा विचार गंभीरपणे करतो आहे आणि पहिल्याच पावलाला अडखळलो आहे.

एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये 1965ची शेव्हर्ले इम्पाला सुपर स्पोर्ट (म्हणजेच एसएस) विक्रीला आहे. दोन दारांची हार्डटॉप (बाजूच्या खिडक्यांच्या मधे खांब नसलेली), मूळचा निळा रंग जागोजागी विटलेला, आत बकेट सीट, दोन सीटांच्या मधे कन्सोल आणि त्यात दोन गिअरांच्या पॉवरग्लाइड ऑटोमॅटिकचा दांडा, पुढच्या फेंडरांवर ‘सुपर स्पोर्ट’ अशी अक्षरे. हे सगळे पाहून मी मनातल्या मनात चावी हातात घेतलीही होती. मग शेतकऱ्याने बॉनेट उघडले. त्या ऐसपैस जागेत, मधोमध, एका ओळीत सहा सिलिंडरांचे सडपातळ इंजिन उभे होते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना इतकी मोकळी जागा होती की खालची जमीन दिसत होती.

विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार गाडी कारखान्यातूनच अशी आली आणि म्हणूनच ती ‘अत्यंत दुर्मीळ’ आहे, त्यामुळे किंमतही त्या हिशेबाने लावलेली आहे. माझ्या तीन मित्रांची तीन मते पडली. पहिला म्हणतो की एसएस सहा सिलिंडरमध्ये कधी निघालीच नाही, कोणीतरी साध्या इम्पालावर एसएसची अक्षरे आणि सीट चढवल्या असणार. दुसऱ्याला वाटते की गाडी खरी आहे, पण 1973च्या तेलटंचाईत मूळ व्ही-8 (इंग्रजी व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरांचे इंजिन) काढून हे इंजिन बसवले असेल. तिसरा म्हणतो की काहीही असो, 350 घन इंचांचे व्ही-8 टाक आणि मोकळा हो.

फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या भिंतीवर, जो छोटा पत्रा असतो तो मी पाहिला. त्यावर रंगाचे तीन-चार थर चढलेले आहेत. ‘स्टाइल’च्या ओळीत 65 नंतर 16, मग एक न लागणारा अंक आणि शेवटी 37 असे दिसते. तो मधला अंक 5 आहे की 6, हे मला टॉर्च तिरका धरूनही ठरवता आले नाही. त्याने काही फरक पडतो का, हेही ठाऊक नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 – कार्ब्युरेटर

ओहायोकर, ज्या अंकाने फरक पडतो का असे आपण शेवटच्या ओळीत विचारले आहे, त्या एका अंकातच आपल्या तिन्ही मित्रांच्या वादाचा निकाल आहे.

1965 साली शेव्हर्लेच्या मोठ्या गाड्यांच्या मालिकेचा क्रमांक सहा सिलिंडरसाठी विषम आणि व्ही-8साठी सम असे. साधी इम्पाला 163 आणि 164, तर इम्पाला एसएस 165 आणि 166. त्यापुढचा 37 हा दोन दारांच्या हार्डटॉपचा, आणि उघड्या छताची गाडी असती तर 67. म्हणजे आपल्या पत्र्यावर 16537 निघाले, तर गाडी सहा सिलिंडरची एसएस म्हणूनच जन्माला आली आणि विक्रेता खरे बोलतो आहे. 16637 निघाले, तर दुसऱ्या मित्राचा अंदाज बरोबर, कारण ती मूळची व्ही-8 आहे. पहिल्या मित्राच्या संशयात तथ्य असते, तर त्या जागी 3 दिसला असता, आणि 3 व 6 यांची गल्लत होऊ शकते हे ध्यानात ठेवून पत्रा नीट साफ करावा. तारेचा ब्रश अजिबात वापरू नये, कारण अक्षरे पत्र्यात फार खोल दाबलेली नसतात.

फायरवॉलवरचा पत्रा स्क्रूने किंवा रिव्हेटने लावलेला असतो आणि दुसऱ्या गाडीवरून काढून आणता येतो, म्हणून केवळ त्याच्यावर विसंबू नये. ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडल्यावर बिजागरीच्या खांबावर गाडीचा अनुक्रमांक असलेली पट्टी दिसेल. त्यात पहिले पाच अंक तेच असतात, सहावा अंक 5 हा वर्षाचा, मग कारखान्याचे अक्षर आणि शेवटी सहा अंकी क्रमांक. मालकीच्या कागदावरचा क्रमांक, खांबावरची पट्टी आणि फायरवॉलवरचा पत्रा या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. इंजिनाची खूण मात्र निराळ्या जागी सापडेल. व्ही-8वर ती उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे असते, तर या सहा सिलिंडरच्या इंजिनावर उजव्या अंगाला, डिस्ट्रिब्युटरच्या मागच्या सपाट जागेवर शोधावी.

आता ‘एसएस सहा सिलिंडरमध्ये निघालीच नाही’ या समजाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हा समज फार पसरलेला आहे आणि त्याचे कारणही समजण्याजोगे आहे. 1961 मध्ये इम्पाला एसएस पहिल्यांदा आली तेव्हा ती खरोखरच 348 आणि 409 घन इंचांच्या मोठ्या व्ही-8 इंजिनांपुरतीच होती. 1962 मध्ये कंपनीने ती अट काढून टाकली आणि एसएस ही प्रामुख्याने सजावटीची जोडणी झाली, जी कोणत्याही इंजिनाबरोबर घेता येत असे. ज्याला बकेट सीटांचा थाट हवा होता पण पेट्रोलचा आणि विम्याचा खर्च झेपणारा नव्हता, अशा गिऱ्हाइकासाठी तो सरळ व्यवहार होता. 1963 मधली शेव्ही टू नोव्हा एसएस तर कारखान्यातून फक्त सहा सिलिंडरमध्येच मिळत असे, तिला व्ही-8 मिळाले ते पुढच्या वर्षी. शेव्हर्लेच्याच शेव्हेल मालिकेतल्या मॅलिबू एसएसचेही तेच. 1965ची 13737 ही सहा सिलिंडरची आणि 13837 ही व्ही-8ची. चित्र पालटले ते 1966 मध्ये, जेव्हा शेव्हेलच्या बाबतीत एसएस म्हणजे 396चे व्ही-8 असे समीकरण ठरले. आज आपण त्या नंतरच्या अर्थाच्या चष्म्यातून आधीच्या गाड्यांकडे पाहतो आणि सहा सिलिंडर दिसले की लबाडीचा वास येतो.

आपल्या गाडीत मूळचेच इंजिन असेल, तर ते 230 घन इंचांचे, म्हणजे सुमारे 3.8 लिटरचे, 140 अश्वशक्तीचे असावे. तो आकडाही त्या काळच्या ढोबळ मापनाचा आहे, पंखा, एअर फिल्टर, सायलेन्सर यांचा भार न धरता काढलेला. अमेरिकेत निव्वळ मापन रूढ झाले ते 1972च्या गाड्यांपासून. चाकांपर्यंत पोचणारी ताकद त्याहून बरीच कमी असते, हे जमेस धरूनच गाडी चालवून पाहावी.

उत्तर 2 – स्प्रिंटवाला

कार्ब्युरेटर यांनी क्रमांकांचे सगळे सांगितले आहेच. मी सहा सिलिंडरची बाजू मांडायला आलो आहे, आणि माझा पक्षपात आधीच कबूल करतो : माझ्याकडे मिशिगनमध्ये 1968ची पाँटिअॅक फायरबर्ड स्प्रिंट आहे.

1967 मध्ये फायरबर्ड आली तेव्हा पाँटिअॅकने पाच प्रकार बाजारात मांडले होते आणि त्यांतले तळाचे दोन सहा सिलिंडरचे होते. साधे इंजिन 165 अश्वशक्तीचे आणि स्प्रिंट 215 अश्वशक्तीचे. गंमत अशी की आकारमान तुमच्या इम्पालाइतकेच, 230 घन इंच. सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनचा पल्लाही तोच. परंतु जॉन डीलोरियन हे पाँटिअॅकचे प्रमुख असतानाच्या काळात कंपनीने त्यावर ओव्हरहेड कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा, सिलिंडरांच्या वर असलेला दांडा) बसवला आणि तो साखळीऐवजी काचतंतूंनी बळकट केलेल्या रबरी दातेरी पट्ट्याने फिरवला. 1966 मध्ये पाँटिअॅकच्या टेम्पेस्ट गाडीतून हे इंजिन आले तेव्हा अमेरिकन गाड्यांत असा पट्टा नवलाचा होता. स्प्रिंटमध्ये त्याच्यावर चार नळ्यांचा क्वाड्राजेट कार्ब्युरेटर आणि 10.5 चा कॉम्प्रेशन रेशो. 1968 मध्ये इंजिन 250 घन इंचांचे झाले, माझे तेच आहे. 1969 नंतर ते बंद पडले आणि 1970च्या फायरबर्डला तळाचे इंजिन म्हणून शेव्हर्लेचे साधे 250 बसवण्यात आले.

मेळाव्यात लोक बॉनेटखाली डोकावतात, सहा मोजतात आणि पुढे जातात. एखादा मात्र थबकतो, व्हॉल्व्ह कव्हरच्या त्या लांबलचक अॅल्युमिनियमच्या पेटीवर हात ठेवतो आणि विचारतो, ‘ही पाँटिअॅकचीच का?’ त्या एका माणसासाठी मी तीन तास उन्हात बसून असतो.

तळाच्या इंजिनाची गाडी सांभाळणे स्वस्त असते हा मात्र भ्रम आहे, निदान माझ्या बाबतीत. कॅमशाफ्ट थेट अॅल्युमिनियमच्या घरात फिरतो, वेगळे बेअरिंग नाही, त्यामुळे मागच्या एखाद्या मालकाने तेल बदलण्यात हयगय केली असेल तर ते घरच झिजते आणि नवे सहजासहजी मिळत नाही. पट्ट्याचा ताण बाजूची पेटी वरखाली सरकवून जुळवावा लागतो, कारण तेलपंप, डिस्ट्रिब्युटर आणि पेट्रोलपंप या सगळ्यांना चालना देणारी यंत्रणा त्याच पेटीत आहे. हे माहीत नसलेल्या एका गॅरेजने माझा पट्टा इतका ताणला होता की इंजिन शिट्टी वाजवू लागले, आणि ‘जुन्या गाड्या अशाच वाजतात’ असे मला वर ऐकवले. तुमच्या शेव्हर्ले इंजिनाला असली दुखणी नाहीत. ते साधे, दणकट आणि सुटे भाग मुबलक असलेले यंत्र आहे.

फोर्डचे उदाहरणही देतो. 17 एप्रिल 1964 रोजी मस्टंग न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आली, ती 2,368 डॉलर या किमतीच्या बळावर, आणि ती किंमत होती 170 घन इंचांच्या, 101 अश्वशक्तीच्या सहा सिलिंडरची. काही महिन्यांत त्या जागी 200 घन इंचांचे 120 अश्वशक्तीचे इंजिन आले. पुढे व्ही-8 इंजिनांचा पुरवठा अपुरा पडू लागला, तेव्हा 1966 मध्ये कंपनीने ‘स्प्रिंट 200’ नावाने सहा सिलिंडरचीच जाहिरात जोरात केली. मस्टंग मूळची कोणती हे ओळखायला बॉनेट उघडण्याचीही गरज नाही, चाकाचे नट मोजावेत : सहा सिलिंडरला चार, व्ही-8ला पाच. अर्थात चाके आणि हब बदललेले असू शकतात, म्हणून अनुक्रमांकातला पाचवा वर्ण पाहावा. 200चे इंजिन असेल तर तिथे ‘टी’ असते.

उत्तर 3 – रोखठोक

वरची दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, पण प्रश्न गाडी विकत घेण्याचा आहे, आणि त्या अंगाने थोडे कडू बोलणे भाग आहे.

दुर्मीळ आणि मौल्यवान हे दोन शब्द विक्रेते एका दमात उच्चारतात. 1965 मध्ये इम्पाला एसएस 2,43,114 बनल्या, आणि त्यांत सहा सिलिंडरचा वाटा अगदी लहान होता हे मान्य. पण तो लहान होता याचे कारण त्या वेळीही फार कोणाला ती नको होती. 1968ची डॉज चार्जर घ्या. हंगामाच्या उत्तरार्धात तिला 225 घन इंचांचे तिरपे सहा सिलिंडर मिळू लागले आणि त्या वर्षीच्या सुमारे 96,000 चार्जरपैकी अशा गाड्या हजारसुद्धा भरल्या नाहीत. त्यांतल्या किती उरल्या असतील? बहुतेकींची इंजिने केव्हाच काढून फेकली गेली. तरीही चांगल्या स्थितीतल्या 440च्या चार्जरशेजारी ती उभी केली, तर बोली कुठे चढेल हे सांगायला ज्योतिषी नको.

तेव्हा विक्रेत्याला ‘दुर्मीळ’ या शब्दाचे वेगळे पैसे मोजू नयेत. त्याच अवस्थेतल्या 283 व्ही-8च्या एसएसला जी किंमत येईल, तिच्यापेक्षा खाली बोलणी सुरू करावीत. इंजिन बदलण्याला माझा तात्त्विक विरोध नाही. मालक तुम्ही, गाडी तुमची. पण हिशेब करा : इंजिन, रेडिएटर, एक्झॉस्ट, मागचा अॅक्सल, ब्रेक असे एकामागून एक लागत जाते आणि शेवटी हातात उरते ती अनुक्रमांकाशी न जुळणारी एक व्ही-8 एसएस, ज्या बाजारात जुळणाऱ्या गाड्या भरपूर आहेत. व्ही-8च हवी असेल तर व्ही-8चीच गाडी घ्या, ते स्वस्त पडते.

आणि क्रमांकाच्या नादात गाडीखाली झोपून पाहायला विसरू नका. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. 1965 मध्ये शेव्हर्लेने जुनी एक्स आकाराची चौकट सोडून कडेने जाणारी नवी चौकट वापरली, तिच्या मागच्या चाकांपुढच्या वळणात चिखल आणि मीठ साठते. स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहा. तिथला लोखंडाचा आवाज 5 आणि 6च्या वादापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे.

उत्तर 4 – शिवडीचा जुना रहिवासी

मी गाड्यांचा तज्ज्ञ नाही, पण ‘सहा सिलिंडर म्हणजे कमअस्सल’ हा सूर वाचून राहवले नाही. जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना 1928 ते 1954 या काळात आमच्या मुंबईत शिवडीला होता. माझे वडील ज्या शेव्हर्ले लॉरींबद्दल आयुष्यभर कौतुकाने बोलत, त्या साऱ्या सहा सिलिंडरच्याच. 1929 पासून 1955 मध्ये व्ही-8 येईपर्यंत शेव्हर्लेकडे दुसरे इंजिनच नव्हते. 1953ची पहिली कॉर्व्हेट, ज्या अवघ्या 300 बनल्या आणि सगळ्या पांढऱ्या, तीसुद्धा 235 घन इंचांच्या सहा सिलिंडरवर, तीन कार्ब्युरेटर लावून 150 अश्वशक्तीवर आणि याच दोन गिअरांच्या पॉवरग्लाइडवर चालत असे. तिला कोणी बनावट म्हणत नाही.

उत्तर 5 – कार्ब्युरेटर

काका, उत्तम आठवण करून दिलीत. त्यात भर म्हणून कॉर्व्हेटचाच एक उलटा नमुना सांगतो. 1980 मध्ये कॅलिफोर्नियाच्या प्रदूषणाच्या नियमांमुळे तिथल्या गिऱ्हाइकाला कॉर्व्हेटमध्ये 350 मिळतच नसे. त्याला 305 घन इंचांचे 180 अश्वशक्तीचे इंजिन आणि तेही फक्त ऑटोमॅटिकसह घ्यावे लागे. म्हणजे तळाचे इंजिन निवडीने नव्हे, पत्त्याने मिळत होते. आणि 1982च्या कमॅरोत 2.5 लिटरचे चार सिलिंडरचे 90 अश्वशक्तीचे इंजिन बसवले गेले, त्यापुढे आपली इम्पाला म्हणजे रानघोडाच म्हणावी. त्या कमॅरोची बाजू घेणारा मला अजून भेटायचा आहे.

ओहायोकर – पाहणीनंतर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवारी पुन्हा जाऊन आलो. रंग मऊ करणारे द्रावण, प्लॅस्टिकची पट्टी आणि जुना टूथब्रश घेऊन फायरवॉलशी पाऊण तास ओणवा होतो. आधी पांढरा थर निघाला, मग काळा, मग मूळचा निळा, आणि शेवटी त्या अंकाच्या डोक्यावरची आडवी सपाट रेघ उघडी पडली. तो 5 आहे. दाराच्या खांबावरची पट्टीही 165375 अशी सुरू होते, पुढे ‘जे’ म्हणजे विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिलचा कारखाना, आणि मालकीच्या कागदाशी सगळे अंक जुळतात. शेतकऱ्याने त्यावर एवढेच म्हटले की त्याच्या आईने ती नवी घेतली होती, आणि तिला बकेट सीट हव्या होत्या पण वेगाची भीती वाटत असे.

रोखठोक यांच्या सल्ल्याप्रमाणे गाडीखालीही गेलो. उजव्या बाजूला मागच्या चाकापुढे स्क्रू-ड्रायव्हर बोटभर आत गेला. डावी बाजू खणखणीत आहे. तेवढ्या जागेचे वेल्डिंग करून घेण्याचा खर्च वजा करून किंमत बोललो आणि ती मान्य झाली. इंजिन आहे तेच ठेवणार आहे.

एक शंका उरली आहे. एसएसच्या डॅशबोर्डवर व्हॅक्यूमचे (इंजिन हवा किती जोराने ओढते ते दाखवणारे) मीटर आहे आणि नवल म्हणजे ते चालते. गाडी गरम होऊन नुसती उभी असताना काटा 14-15वर स्थिर राहतो, थरथरत नाही. हे ठीक आहे का?

उत्तर 6 – स्प्रिंटवाला

अभिनंदन. काटा 17 ते 21च्या दरम्यान असायला हवा. तो थरथरत असता तर व्हॉल्व्हकडे बोट दाखवले असते. खाली पण स्थिर आहे, म्हणजे बहुधा इग्निशनचे टायमिंग मागे पडले आहे किंवा कुठून तरी जास्तीची हवा आत शिरते आहे. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड ड्रायव्हरच्या बाजूला एकत्र जोडलेले असतात आणि त्यांचे गॅस्केट तडकणे नेहमीचे आहे. आधी टायमिंग लाइट लावून पाहा. ते बरोबर निघाले, तर इंजिन थंड असतानाच ते चालू करून त्या जोडावर कार्ब्युरेटर क्लीनरचा बारीक फवारा थोडा थोडा मारत जा. एक्झॉस्ट तापण्याआधी हे उरकावे आणि अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवावे. ज्या जागी फवारा पडताच इंजिनाचा आवाज बदलेल, तिथे गळती आहे. गॅस्केट बदलताना मॅनिफोल्डचे बोल्ट घाईने सोडवू नका, दोन दिवस आधीपासून तेल सोडत राहा. साठ वर्षांचे बोल्ट आहेत, ते तुटले तर हेड उतरवावे लागेल.